ट्रॅकमधला आवाज काढल्यावर

कणकवलीतल्या एका रॅप स्पर्धेचं साऊंडचं काम आमच्याकडे होतं. नियमांत एक अट ठळक लिहिली होती: ट्रॅकमध्ये म्हणणाऱ्याचा मुख्य आवाज चालणार नाही, फक्त बीट, म्हणजे मागचं संगीत. वेळ ९० सेकंद. बीट ९० बीपीएमची, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांची असेल तर चार-चार ठोक्यांचे १६ बार ४३ सेकंदांच्या आसपास संपतात, म्हणजे दीड मिनिटात दोन अंतरे नीट बसतात. एक अंतरा पाठांतरावर आणि पब्लिकच्या आरडाओरड्यावर निभावतो. दुसऱ्यात कळतं, लिहिलंय कोणी आणि कशासाठी.

दुपारी साऊंडचेकला वेंगुर्ल्याचा एक मुलगा आला. त्याची रील तेव्हा सगळ्या पोरांच्या मोबाईलवर होती आणि संध्याकाळी पुढच्या रांगा त्याच्याचसाठी भरणार होत्या. पेनड्राइव्हवर मात्र अख्खं गाणं, आवाजासकट. "दादा, मागे बारीक ठेवा, मी वरसून म्हणतंय." ते चालणार नाही म्हटल्यावर त्याने विचारलं, मशीनवर आवाज काढता येत नाही का?

थोडाफार येतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. डावी-उजवी बाजू वेगळ्या चॅनलवर घेऊन एकीची पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची दिशा, उलटी करायची आणि दोन्ही एकत्र सोडायच्या. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं कटतं. मुख्य आवाज मधोमध असतो, म्हणून तो जातो. पण किक, स्नेअर हे ड्रम आणि ८०८ ड्रम मशीनचा बासही मधोमधच असतो, तोही जातो. उरतात कडेचे सिंथ आणि आवाजाचा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. त्याला हेडफोनवर ऐकवलं, तर चेहरा पडला त्याचा. आवाज वेगळा काढणारी ॲप आता आहेत, पण त्यातून हाय-हॅटची झांज पाणचट होऊन निघते आणि मोठ्या स्पीकरवर ते झाकत नाही. शेवटी बीट ज्या ऑनलाइन चॅनलवरून घेतली होती, तिथूनच तिची कोरी फाईल उतरवली.

रात्री तो स्टेजवर आला आणि हुक, म्हणजे ध्रुवपद, सुरू होताच हॉल दणाणला. सगळे मोबाईल वर. हुक संपला, अंतरा सुरू झाला आणि पुढच्या रांगा गप्प झाल्या. रील तिथेच कापलेली होती, पुढचे शब्द त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. चौथ्या बारला त्याचा दम तुटला. याचं कारण भीती नव्हे. १४० बीपीएमवर एका ठोक्यात तीन अक्षरं टाकली की सेकंदाला सात अक्षरं होतात. घरी रेकॉर्ड करताना दोन-दोन ओळी तोडून घेता येतात, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा हा प्रश्न लिहिताना पडतच नाही. त्यात त्याने माईकची जाळी मुठीत धरली, व्हिडिओत बघतात तशी. जाळीमागच्या फटी झाकल्या की माईक चारी बाजूंनी ऐकू लागतो, स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरचा आवाज उचलतो आणि शिट्टी मारतो. मिक्सरवरचा आवाजाचा फेडर खाली घ्यावा तर शब्द बुडतात. माईक दांड्यालाच धरायचा, ओठांपासून दोन-तीन बोटं.

पण मला खटकला तो त्याचा पत्ता. अंतऱ्यात धारावीचा नाईन्टी फीट रोड होता, पोलिसांची गाडी होती, आणि मुलगा वेंगुर्ल्याचा. हे हिप हॉपमध्ये नवीन नाही. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' हे रॅप गाणं गाजलं, त्यात बिग बँक हँकने ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्या रॅपरच्या ओळी म्हटल्या आणि कॅझने आपल्या नावाचं स्पेलिंग त्यात गुंफलं होतं, तेही हँकच्या तोंडून तसंच बाहेर पडलं. गाणं जगभर गेलं, कॅझचं नाव पुढे आलं नाही. दुसऱ्याची ओळ उचलणं हा या कलेतला सगळ्यात जुना गुन्हा आहे. उलट, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ला डीजे कूल हर्कने दोन टर्नटेबलांवर ब्रेक, म्हणजे गाण्यातले नुसत्या ठेक्याचे तुकडे, लांबवत नेले, तेव्हा समोर नाचणारी त्याच वस्तीतली माणसं होती. चेन घालायला, ट्रॅप बीट घ्यायला कोकणातल्या मुलाला कोणाची परवानगी नको. गरिबीही दाखवायला नको. उसनं दुःख मात्र दुसऱ्या अंतऱ्यात उघडं पडतं.

नंतर मालवणकडची एक मुलगी आली. ८८ची साधी बीट, कपडे कॉलेजचे. "दर्यात पेटले येलईडी, रापणीत इली नुसती रेव / दर्याक इचारता आजो, खंय गेलो तुझो देव." येलईडी म्हणजे मासेमारीचे एलईडी दिवे, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, रेव म्हणजे वाळू. दर दुसऱ्या बारचा चौथा ठोका तिने मोकळा सोडला होता, तिथे श्वास. बीट मध्येच बंद केली असती तरी ती बोलत राहिली असती. टाळ्या कमी पडल्या, कारण पुढच्या रांगा सेल्फीसाठी बाहेर गेल्या होत्या.

मागे मात्र डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, रात्र जागवणारी काही वयस्क मंडळी बसली होती. समोरच्या बुवाने कुठली चाल उचलली, कुठलं पद दुसऱ्याचं, हे त्यांना पहिल्या ओळीत कळतं. रॅप त्यांनी याआधी कधी ऐकला नसेल. "रेव" आली तशी त्यांतल्या एकाने मांडीवर थाप मारली, आणि "खंय गेलो तुझो देव"ला "व्वा, बाय!" केलं. ऐकणारा असा असावा.

वायरी गुंडाळताना वेंगुर्ल्याचा मुलगा वही घेऊन मिक्सरपाशी आला. अंतरा त्याचा स्वतःचाच होता, फक्त गाव दुसऱ्याचं होतं. आम्ही प्रत्येक दोन बारनंतर तिरपी रेघ मारली आणि रेघेआधीची दोन-तीन अक्षरं खोडली; ती हवीच असतील तर सोबत्याने म्हणायची. नाईन्टी फीट रोडवर त्याने स्वतःच काट मारली. त्या जागी वेंगुर्ल्याच्या बंदराचं काहीतरी घालतो म्हणाला, पण यमक "रोड"शी होतं, म्हणून पुढच्या चारही ओळी बदलाव्या लागणार होत्या. पुढच्या आठवड्यात कोऱ्या फाईलसकट तालमीला ये, असं सांगितलं.