मातीविना सेंद्रिय भाजी
मातीविना शेतीत पिकाला हवे ते सारे पाण्यातूनच द्यावे लागते आणि सेंद्रियतेचा खरा पेच इथेच सुरू होतो. रासायनिक क्षार विरघळले की मुळे ते लगेच शोषतात. मात्र सेंद्रिय खत म्हणून वापरल्या जाणाऱ्या मासळीच्या अर्कातील बरेचसे नत्र प्रथिनांत अडकलेले असते आणि जिवाणूंनी त्याचे आधी अमोनियात, मग नायट्रेटमध्ये रूपांतर केल्याशिवाय ते पिकाच्या फारसे उपयोगी पडत नाही. या जिवाणूंना भरपूर हवा लागते. ती कमी पडली की टाकीला दुर्गंधी सुटते. शिवाय मुळांना ५.५ ते ६.५ सामू (पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप) मानवतो, तर जिवाणूंना ७ च्या वरचा, त्यामुळे तडजोड अटळ ठरते. युरोपीय संघ अशा पिकाला सेंद्रिय मानत नाही, अमेरिकेत मात्र प्रमाणपत्र मिळू शकते. मला युरोपची भूमिका अधिक पटते, तरीही पालेभाज्यांसाठी मी हीच पद्धत वापरतो.