जुन्या वेलींची त्रिकोणी चाचणी: सहापैकी चार, मग सहापैकी दोन

जुन्या द्राक्षवेलींच्या वाइनमध्ये वेगळा ताजेपणा असतो असे म्हणतात; तो मला ओळखता येतो का, हे पाहण्यासाठी मागच्या नोंदीत आराखडा मांडलेली त्रिकोणी चाचणी (तीन प्याले, दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी) गेल्या रविवारी पोर्तुगालमधल्या पोर्तूतल्या घरी पार पडली. पत्नीने प्याले भरले, मी दुसऱ्या खोलीत थांबलो, आणि वेगळा प्याला सहापैकी चार वेळा बरोबर ओळखला. निव्वळ अंदाजाने चार किंवा अधिक उत्तरे सुमारे १० टक्के वेळा बरोबर येतात, त्यामुळे हा पुरावा नव्हता, तरी जुन्या वेलींचा तो ताजेपणा मला खरोखर ओळखता येतो आहे, या आनंदात मी संध्याकाळभर होतो.

दोन्ही वाइन दोरू खोऱ्यातल्या, साधारण ६०० मीटर उंचीवरच्या, एकाच वर्षाच्या आणि लाकडी पिंपात न ठेवलेल्या होत्या. एक तरुण लागवडीची, दुसरी 'विन्याश व्हेल्याश', म्हणजे 'जुन्या वेली', असे लिहिलेली. त्या वेली नेमक्या किती वर्षांच्या, हे दुकानदाराला सांगता आले नाही. लेबलावर जुन्या वेली मिरवायच्या असतील, तर निदान लागवडीचा काळ सांगायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या दिवशी चूक सापडली. मी तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजत होतो आणि दोन्ही बाटल्यांवर ११ अंश दिसत होते. उरलेल्या वाइनसाठी बाटल्या फ्रिजमध्ये जागच्या जागी ठेवून पुन्हा तसेच केले, आणि या वेळी सळईचा थर्मामीटर आत बुडवला, तेव्हा जुन्या वेलींची वाइन ८ अंशांवर आणि दुसरी साडेअकरावर निघाली, कारण इन्फ्रारेड यंत्र बाहेरची काच मोजते, आतले द्रव नाही. वाइन थंड असली की गंध दबतो आणि आम्लता अधिक टोकदार भासते. ज्याला मी वेलीच्या वयाचा ताजेपणा समजत होतो, तो बहुधा फ्रिजच्या मागच्या कोपऱ्याचा होता. वाइनसाठी इन्फ्रारेड यंत्र कोणीही घेऊ नये.

नव्या बाटल्या आणून दोन्ही वाइन ११ अंशांवर आणल्या आणि चाचणी पुन्हा केली, तर सहापैकी दोन, म्हणजे अंदाजाने यावेत तितकेच. मात्र प्याला चौदा अंशांपर्यंत चढला, तेव्हा जुन्या वेलींच्या वाइनमधून लिंबाच्या सालीमागे ओल्या दगडी पाटीचा वास आला, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना बराच वेळ पाणी सुटत राहिले. तो क्षण मी जपून ठेवला आहे.

तरीही खरा गुंता तसाच आहे. दोरूच्या जुन्या मळ्यांत राबिगातू, व्योझिन्यू, गोवेयू, कोदेगा दो लारिन्यू असे द्राक्षांचे वाण एकत्र लावलेले असतात आणि बहुधा एकाच वेळी खुडले जातात. काही घोस पूर्ण पिकलेले, काही थोडे कच्चे, आणि कच्च्यांची आम्लता सगळ्या वाइनला उचलून धरते. मग ताजेपणाचे श्रेय शिस्ट खडकाच्या भेगांत खोल गेलेल्या मुळांना द्यायचे की या मिश्रणाला? पोर्तुगालच्याच कोलारेश भागातल्या वाळूतली, कलम न केलेल्या माल्वाझिया वाणाची वाइन घ्यावी असे हे लिहितानाच सुचले, पण तिथे समुद्रवारा आणि वाळू यांची भर पडते. त्यापेक्षा मोंसाँव-मेल्गासू भागातली अल्वारिन्यू वाणाची वाइन बरी: एकच वाण, एकच उत्पादक, ग्रॅनाइटची जमीन, फरक फक्त वयाचा.

त्या दोन बाटल्या आज आल्या असून फ्रिजच्या एकाच फळीवर, शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.