छत्री कोणी धरली होती?

गेल्या जुलैमधली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय. पणजीहून फोंड्याला येताना म्हार्दोळच्या पुढं आमची बस अचानक थांबली. पाऊस धो धो पडत होता आणि रस्त्यात स्कूटर आडवी, बाजूला एक वीस-बावीसचा मुलगा. आम्ही पाच-सहाजण खाली उतरलो आणि खरं सांगते, सगळे नुसते उभे राहिलो. मला वाटलं 108 ला कुणीतरी फोन केला असेल, बाजूच्यालाही तेच वाटलं असणार, म्हणजे फोन कुणीच केला नव्हता.

तेवढ्यात एक पायलट आला, पायलट म्हणजे आमच्याकडचा मोटारसायकल टॅक्सीवाला, त्यानं गाडी लावली आणि सरळ बोट दाखवून एकेकाला काम दिलं. मला म्हणाला, "तूं 108क फोन कर", कंडक्टरला म्हणाला, "तूं गाड्यो आडाय", आणि मुलाला उचलायला वाकलेल्या दोघांना ओरडला, "ताका हालयनाकात!" मान-पाठीला मार असेल तर उचलाउचलीत जास्त नुकसान होतं हे त्याला माहीत होतं. आणि बसमधल्या एका माणसानं काही न बोलता आपली छत्री त्या मुलाच्या तोंडावर धरली, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत, स्वतः पूर्ण भिजत.

बरेचजण पोलिसांच्या भानगडीला घाबरून मागं राहतात. पण 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्यांसाठीच्या गाईडलाईन्सवर शिक्कामोर्तब केलंय आणि 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134अ कलम आलं, त्यामुळं चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव-पत्ता सांगायचीही जबरदस्ती नाही. हे शाळेत, पंचायतीत, बसच्या काचेवर लिहून लावायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरी बाजू. आम्ही मदत करत होतो तेव्हाच कुणीतरी व्हिडिओ काढत होता. मुलगा अजून रस्त्यावरच होता आणि व्हिडिओ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला, दोनशेच्या वर माणसं आहेत त्यात. त्याची आई आमच्या शेजारच्या वाड्यावर राहते. ती भात उतरवत होती, फोन वाजला म्हणून बघितलं, तोंड नीट दिसत नव्हतं पण निळा रेनकोट दिसला, तो तिनंच आठवड्यापूर्वी फोंड्याच्या बाजारातून आणला होता. घरी कुणाचा फोन येण्याआधी तिला हे असं कळलं. खाली कमेंट्स होत्या, "प्याला असणार", "हेल्मेट कुठं?" हेल्मेट होतं, मी स्वतः बघितलं, बाजूला पडलं होतं.

रात्री मी ग्रुपवर लिहिलं की ह्याची आई ह्याच ग्रुपात आहे, काढा तो व्हिडिओ. ॲडमिननं लगेच काढला, पण तोपर्यंत तो किती ग्रुपांत गेला देव जाणे. मला राग व्हिडिओ काढणाऱ्या एकट्याचा येत नाही, आम्ही दोनशेजण दुपारपासून बघत होतो आणि संध्याकाळ उलटेपर्यंत कुणी "काढ" असं एक वाक्य टाईप केलं नाही, माझ्यासकट. रस्त्यावर जे झालं तेच, प्रत्येकाला वाटलं दुसरा बोलेल, फक्त ग्रुपवर बोट दाखवणारा पायलट नव्हता. म्हणून आता मी नाव घेऊन, थेट पाठवणाऱ्याला मेसेज करते, त्याचा उपयोग होतो.

मुलगा बरा आहे, खांद्याचं हाड मोडलं होतं, चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, घरी हिंडायला लागला. चवथीला त्यांच्याकडं गेले तेव्हा आईनं माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीखाली, बसवून नेवऱ्या (करंज्या) दिल्या आणि हळूच विचारलं, छत्री कोणी धरली होती गं? मला त्या माणसाचं नाव माहीत नाही, कुठं उतरला तेही बघितलं नाही. तिनं तो व्हिडिओ परत एकदा बघितला होता, फक्त त्यासाठी. त्यात त्याचा हात तेवढा दिसतो.