तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांना कारभारात घेऊन काय मिळालं?

बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या गणेशोत्सव मंडळांना मी नियमावली लिहून देतो. बैठक संपून चहा आला की कुणीतरी विचारतंच, "सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना कारभारात घ्या म्हणून सांगितलासा, शेवटी ते मंडळ फुटलंच की!" प्रत्येक वेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं सांगतो.

मंडळ फुटलं हे खरं. पोरांमुळे फुटलं हे खोटं.

त्या मंडळात अकरा जणांची कमिटी होती आणि 14 ते 20 वयाच्या सात मुलामुलींची युवा समिती. वर्गणीतला दहावा हिस्सा कशावर खर्चायचा, ते युवा समितीने ठरवायचं, असा नियम होता. त्या वर्षी वर्गणी 2,40,000 जमली, म्हणजे 24,000 त्यांचे. त्यांनी तीन बैठका घेतल्या आणि मंडळाच्या माडीवर अभ्यासिका करायचं ठरवलं. दोन सुतारांकडून आणि एका दुकानातून दर आणले. सहा टेबलं, बारा खुर्च्या, चार ट्यूबलाइट, मिळून 23,400. विजेचा भार वाढवावा लागेल का, ते हेस्कॉम या वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन विचारून आले. तिथला कन्नड अर्जही त्यांनीच भरला. शाळेत कन्नड शिकलेली तीच होती, कमिटीत तो अर्ज कुणाला धड वाचता येत नव्हता. ठराव इतिवृत्तात लिहिला, खाली सात सह्या.

गणपती बसायला नऊ दिवस उरले असताना साउंडवाल्याने आगाऊ रक्कम वाढवून मागितली. तिघा ज्येष्ठांनी फोनवरच ठरवलं आणि 24,000 चा चेक दिला. पोरांना हे कळलं ते सुतार आगाऊ मागायला आला तेव्हा. बैठकीत सतरा वर्षांची एक मुलगी उभी राहिली. "ठराव कुणी रद्द केला, ते पान दाखवा." पान नव्हतंच. "तुम्ही अजून लहान आहात, पुढच्या वर्षी बघूया," असं उत्तर मिळालं. ती आणखी काही बोलली नाही, खाली बसली. दुसऱ्या दिवशी मांडवाच्या कामाला एकही पोरगं आलं नाही. पुढच्या वर्षी त्याच गल्लीत दोन वेगळे मांडव उभे राहिले.

यात माझीही चूक आहे. हिस्सा किती, ते मी लिहिलं. तो परत कोण आणि कसा घेऊ शकतो, ते लिहिलं नाही. खात्यावर सह्या फक्त अध्यक्ष आणि खजिनदार यांच्या ठेवल्या. अठरा वर्षांखालच्याने केलेला करार 1872 चा करार कायदा धरत नाही, हे मला माहीत होतं. त्याच भीतीने मी पोरांना सहीपासून पूर्ण दूर ठेवलं. पण युवा समितीतल्या अठरा पुऱ्या झालेल्या एकाची सही तिसरी म्हणून घेता आली असती. आता मी तशीच लिहून देतो, त्या सहीशिवाय युवा निधीचा चेक निघत नाही.

त्याआधी तर मी "एक जागा युवकाला" एवढंच लिहून समाधान मानत असे. ते चालत नाही. एकटं पोर बोलत नाही, आणि ते बहुधा अध्यक्षांचा पुतण्याच असतं. निदान तिघं हवीत. बैठक रात्री साडेनऊला ठेवली की मुली येत नाहीत, रविवारी चारला ठेवा. विषयपत्रिका पाच दिवस आधी, आकड्यांसकट, फळ्यावर लावा. सर्वांत लहान सदस्याला आधी बोलू द्या. अध्यक्ष एकदा बोलले की उरलेले माना डोलावतात. आणि "आयत्या वेळचे विषय" यात पैशाचा ठराव कधीही घेऊ नका. सगळा घात तिथेच होतो.

रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत, आणि त्यांतल्या एकीचं नाव आहे सजावट. आपल्या मंडळांत पोरं आरास करतात, ढोल वाजवतात, वर्गणीला दारोदार फिरतात. हिशेब विचारला की मात्र लहान ठरतात. कर्नाटकात ग्रामपंचायती मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा भरवतात, तिथे हीच मुलं अधिकाऱ्यांना रस्त्याबद्दल, शाळेच्या शौचालयाबद्दल विचारू शकतात.

एक आक्षेप मात्र मला झटकता येत नाही. 1956 पासून इथला मराठी माणूस एकीवर तगलाय, घरातला वाद चव्हाट्यावर नको, असं ज्येष्ठ म्हणतात. ते खोटं बोलत नाहीत. मीही त्यातलाच आहे. पण फोनवर झालेल्या निर्णयाला एकी म्हणायला जीभ रेटत नाही. चौदा वर्षांच्या मुलाने मोठ्या रकमेवर मत द्यावं का, यावर माझंच अजून ठरत नाही. कधी हो वाटतं, कधी सोळाची अट घालावीशी वाटते.

त्या दोन मांडवांची आता एकत्र बैठक बोलावली आहे. विषय क्रमांक तीन: युवा निधीचे 24,000 परत करणे. आधी कोण बोलणार, यावरच दोन निरोप येऊन गेलेत.