घसा न बसवता रॉकची खरखर

रॉक म्हणजे घसा ताणून ओरडणं, या समजुतीपायी कित्येक चांगले आवाज बसलेत. जो कॉकर किंवा ब्रायन जॉन्सनसारखे खरखरीत आवाजाचे रॉक गायक ऐकले की वाटतं, सगळा जोर घशातच आहे. पण शिकण्याजोगी, रोज गाता येईल अशी खरखर स्वच्छ सुरावर वरून चढवलेली असते. बोलण्याच्या पट्टीपासून चार-पाच स्वर वरचा सूर आठ सेकंद न हलता टिकत नसेल, तर आधी तोच पक्का करा.

ज्यांच्या थरथरीने आवाज निघतो, त्या घशातल्या स्वरपट्ट्यांच्या जरा वर आणखी दोन मांसल घड्या असतात. गायक त्यांना फॉल्स कॉर्ड म्हणतात. खोकताना किंवा जड वजन उचलताना त्या आपोआप जवळ येतात. सूर चालू असताना त्या हलकेच जवळ आणल्या, की त्याही थरथरतात आणि आवाज खरबरीत होतो. रशियातल्या तुवा प्रांतातल्या कारगिरा या घोगऱ्या गायकीत त्या मूळ सुराच्या निम्म्या वेगाने थरथरतात, म्हणून एक सप्तक खालचा स्वर ऐकू येतो. रॉकमध्ये ही थरथर अनियमित असते, त्यामुळे निराळा स्वर न उमटता नुसती खरखर येते.

सुरुवात स्ट्रॉने करा. ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवून पाच मिनिटं खालून वर, वरून खाली सूर फिरवा. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. मग आवाज न करता, तोंड उघडं ठेवून मनापासून हसल्यासारखं करा. घशात जी मोकळीक जाणवते, ती फॉल्स कॉर्ड दूर गेल्याची. आता गोणी उचलताना निघतो तसा हुंकार अगदी बारीक काढा. त्या जवळ आल्या. हे दोन्ही आळीपाळीने करत राहा, म्हणजे ताबा येतो.

यानंतर खरा रियाज. ‘ॲ’वर मध्यम आवाजात स्वच्छ सूर लावा, तिसऱ्या सेकंदाला तो हुंकार मिसळा, एक सेकंद ठेवा आणि पुन्हा स्वच्छ सुरावर या. पट्टी तसूभरही सरकता कामा नये. परतलेला सूर फाटला किंवा त्यात हवा मिसळली, तर खरखर खालच्या स्वरपट्ट्या आवळून काढली गेली. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: खरखर येत नाही म्हणून माणूस हवा वाढवतो, हवा अडवायला पट्ट्या आणखी आवळल्या जातात, आणि खोकला सुटतो. उपाय उलटा आहे. हवा कमी करा, बरगड्या फुललेल्या ठेवा, आवाज बोलण्याइतकाच ठेवा. धार हवी असेल तर लहान मूल चिडवतं तसं ‘न्यॅ-न्यॅ’ म्हणून पाहा. स्वरयंत्राच्या वरची वाट अरुंद होते आणि जोर न लावता आवाज पुढे येतो. ‘ई’ आणि ‘ऊ’ वरच्या सुरांत अडतात, त्यांना ‘ए’ आणि ‘ओ’कडे झुकवा.

पहिले काही आठवडे वीस मिनिटांच्या रियाजात खरखर पाचच मिनिटं, तीही एक दिवसाआड. गाण्यातसुद्धा ओळभर नको. ध्रुवपदातल्या एखाद्या शब्दाच्या सुरुवातीला दिली तरी पुरते, आणि मला तर तीच जास्त भिडते.

संध्याकाळी घसा तपासायचा असेल तर ‘हॅपी बर्थडे’ची पहिली ओळ उंच पट्टीत, अगदी हळू गा. सूर उशिरा लागला किंवा आधी नुसती हवा आली, तर स्वरपट्ट्या सुजल्यात. दुसऱ्या दिवशी खरखर बंद. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, आणि सारखं खाकरणं त्याहून वाईट. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून तर गाऊच नका, कारण दुखणं ही एक सूचना असते, तीच दबते. सिगारेट-दारूने आवाज ‘पिकतो’ म्हणतात, तो पिकत नाही, बिघडतो. रात्री उशिरा तिखट-तेलकट खाल्लं की आम्ल वर येऊन सकाळी घसा बसतो. झोपेआधी तीन तास जेवण आटपा.

आवाज मोठा करणं माइकवर सोपवा. एसएम५८सारखा डायनॅमिक माइक ओठांपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरा, जाळी मुठीत झाकू नका, फीडबॅक, म्हणजे स्पीकरमधून कर्कश शिट्टी, येतो. स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडू लागतो, म्हणून साउंडचेकला मॉनिटरमध्ये, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, आवाज आधी वाढवून घ्या. आणि घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात स्वरपट्ट्यांची थरथर दाखवणारी तपासणी, करून घ्या. साध्या तपासणीत स्वरपट्टीवरची बारीक गाठ सुटू शकते.