आमच्या रानातल्या समाध्या

औश्याकडच्या आमच्या जुन्या रानात विहिरीच्या वरच्या अंगाला थोडी जागा नांगर न लावता ठेवलेली आहे, सातबाऱ्यावर तिची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीत नसलेली जमीन. पण आमची सगळी माणसं तिथंच आहेत. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत, माती देतात, आणि भावकीतलं जे कुणी लिंगैक्य झालं, म्हणजे वारलं, ते पिढ्यान्‌पिढ्या इथंच आलं.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्यात माणसाला आडवं ठेवत नाहीत, मांडी घालून बसवतात. घरून नेताना पण विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, बसवूनच, पुढं भजन. खड्ड्यात एका बाजूला देवळीसारखी जागा कोरतात, स्वामी विधी करतात, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात, मग विभूती, बेल, मीठ आणि माती. अप्पांच्या वेळी मी खाली उतरलो होतो, त्यांची बोटं वळत होती, चुलते म्हणले धरून ठेव, मग मी लिंग नीट बसेपर्यंत तो हात सोडलाच नाही.

समाधीवर वटा, म्हणजे ओटा, बांधतात. जुन्या वट्यांवर नावं नाहीत, नुसतं दगडात कोरलेलं लिंग, एखाद्यावर नंदी. कोणता पणजोबांचा आणि कोणता त्यांच्या भावाचा हे आता एकट्या मोठ्या आत्यालाच माहिती, ती बोरीच्या झाडापासून मोजत मोजत सांगती. कडंला नुसते धोंडे रचलेत ते चुलत आजोबा, १९४८ ला निजामाच्या रझाकारांच्या धामधुमीत गेले, रातोरात माती दिली, पोलीस अ‍ॅक्शननंतर वटा बांधू म्हणले ते राहूनच गेलं.

आणि एक वटा रिकामा आहे. आजीची धाकटी बहीण किल्लारीला दिली होती. ३० सप्टेंबर १९९३, रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे चारच्या आत भूकंप. हजारो माणसं गेली, वर पाऊस, सरसकट चिता पेटवल्या, त्यात तिला पण अग्नीच मिळाला, माती नाही. आजीनं इथं वटा बांधून घेतला आणि आत तिचं लुगडं ठेवलं. माझ्यासाठी सगळ्यात मोठी समाधी हीच.

आता वाटणी चाललीय, ट्रॅक्टर वळत नाही म्हणून दोन वटे हलवायचं काहीजण बोलतायत. माझा साफ विरोध आहे, जागा सामाईकच राहिली पाहिजे आणि तसं वाटणीपत्रात लिहून पाहिजे. आत्याला उन्हाळ्यात रानात नेऊन एकेक वटा दाखवायला लावणार आहे, पेरणीच्या आत नावाच्या फरशा बसवायच्यात. भावकीतल्या पोरांनो, घरातल्या म्हाताऱ्यांना नावं विचारून ठेवा, बायकांची तर आधी विचारा, त्यांच्या वट्यांची माहिती सगळ्यात कमी आहे.