पेसमेकर 3 दिवसांत, सर्टिफिकेट 19 दिवसांत

स्टोअरमध्ये बेअरिंगची खोकी मोजता मोजता चक्कर आली आणि रॅकवर आदळलो. नाडी 34. ईसीजीत कम्प्लीट हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला सिग्नल खाली पोचतच नव्हता. पेसमेकर बसला, तिसऱ्या दिवशी घरी. डाव्या कॉलरबोनखाली काडेपेटीएवढा उंचवटा आहे आणि ठोके आता 60 च्या खाली जात नाहीत. बिल बघितलं तेव्हा तर बरेच वर गेले असतील.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी लिहून दिलं: हलकं काम चालेल, ऑपरेशनपासून 6 आठवडे डावा हात खांद्याच्या वर नको, वजन उचलणं नको, वेल्डिंग मशीनपासून लांब. डबा घेऊनच कंपनीत गेलो. एचआरमधल्या मुलाने कागद वाचून माझ्याकडे परत सरकवला. "काका, हलकं काम असा प्रकारच नाही सिस्टीमला. एक तर फिट, नाही तर अनफिट."

पुन्हा हॉस्पिटल. आमच्या डॉक्टरांची ओपीडी फक्त बुधवारी. ते म्हणाले, अटी काढून मी फिट लिहिणार नाही. बरोबरच होतं त्यांचं. कंपनीचे डॉक्टर मंगळवार-शुक्रवार येतात. शुक्रवारी गेलो तर ते रजेवर. मंगळवारी भेटले आणि विचारतात, "लांब म्हणजे किती लांब?" परत बुधवार, परत अडीच तास बाकड्यावर. इकडे माझं पंचिंग कार्ड बंद. 22 वर्षं ज्या गेटमधून आत गेलो तिथे वॉचमनने व्हिजिटर पासाचं रजिस्टर पुढे केलं. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात मी माझंच नाव लिहिलं. तोही बिचारा हसला नाही.

हे सगळे दिवस बिनपगारी. ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा लागू असेल आणि हप्ते नीट भरलेले असतील, तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. माझा पगार 21 हजारांच्या वर, त्यामुळे तेही नाही.

शेवटी स्टोअरमधल्या पोराला फोन केला, म्हटलं टेप लाव. माझ्या टेबलापासून वेल्डिंग बे 40 फूट. वरचा रॅक साडेसहा फूट, सगळ्यात जड खोकं 18 किलो. दिवसभर मी काय काय करतो ते एका फुलस्केपवर लिहून पुढच्या बुधवारी डॉक्टरांसमोर ठेवलं. दोन मिनिटांत लिहिलं त्यांनी: या कामासाठी फिट, चालू वेल्डिंगच्या 2 फुटांच्या आत जाऊ नये, वरचा रॅक 6 आठवड्यांनंतर. तो फुलस्केप पहिल्याच दिवशी न्यायला हवा होता. तुम्ही न्या.

हो, पेसमेकरच्या कार्डाची झेरॉक्स पाकिटात ठेवा. मॉलच्या दारातल्या मेटल डिटेक्टरमधून सरळ चालत जा, पण गार्डला त्याच्या हातातलं मशीन छातीवर धरून ठेवू देऊ नका. मोबाइल शर्टच्या डाव्या खिशात नको, उजव्या कानाला लावा. घरी इंडक्शनवर वाकून चहा करायची सवय होती, सौ.ने शेगडी उचलून पार कोपऱ्यात नेली.

ऑपरेशननंतर 40 व्या दिवशी हजर झालो. 6 आठवडे व्हायला उरले होते 2 दिवस. त्या 2 दिवसांत वरच्या रॅकवरची तीन खोकी काढायची होती, ती त्याच पोराने काढून दिली.